पायाच्या अंगठ्याला मेंदी नव्हती

यंत्र सांगत होतं, सुनेच्या रक्तात प्राणवायू कमी आहे. मी सांगितलं, मेंदीमुळं तसं दिसतंय. एवढं बोलून मी ते यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मेथी निवडायला बसले. आयुष्यात मूर्खपणा मी भरपूर केलाय, पण बाकीच्यांवर निदान लोक तरी हसले. ह्या एकावर हसायला मला चार वर्षं लागली.

तेव्हा मी तरुण होते. सदुसष्ट वर्षांची. गुडघे सांगितलेलं ऐकत होते, दात आपापल्या जागी होते, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री तर दातांहून घट्ट होती. ती उगाच आली नव्हती. निलंगा तालुक्यातल्या शाळांमधून मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लाल आणि निळ्या खडूनं फळ्यावर अशी फुप्फुसं काढायचे की तपासणीला आलेले साहेबसुद्धा बघत उभे राहायचे. "धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. अपवाद फुप्फुसाचा, तिथं उलटं. पाठ करा, एका मार्काला येतं." दरवर्षी हेच. एका पोरीनं एकदा विचारलं, "बाई, पण तिथंच उलटं का?" मी तिला खाली बसायला सांगितलं. मलाच धड समजावून सांगता येत नव्हतं, हे वर्गाला सांगायची काय गरज होती?

निवृत्त झाल्यावर मी लातूरला मुलाकडं आले. मुलगा सरकारी कचेरीत, सून हिमायतनगरची, आणि एक नात, तेव्हा सात वर्षांची. घर वरच्या मजल्यावर, जिना सतरा पायऱ्यांचा. सून घरी ब्लाउज शिवायची. हात असा बसलेला की गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या पाठीवर तिच्याच लेसा. आणि चालायची अशी की तिच्याबरोबर बाजारात गेलं की मला पळावं लागे. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते, खरी आत्या असो वा नसो. तर ही मला जिन्याच्या खालून हाक मारायची, "आत्या, चावी टाका!" आणि चावी खाली पडायच्या आत स्वतःच वर.

त्या वर्षी ती हाक बंद झाली. दारात येऊन आधी चौकटीला धरून उभी राहायची, मग आत यायची. शिलाई मशीनचा पायटा मारवत नाही म्हणून मुलाकडून तिनं मोटर बसवून घेतली. मी काय म्हणाले ते लिहितेच. मी म्हणाले, "लई नाजूक झालीस गं. आता श्वास घ्यायलाबी एक मोटर बसवून घे." ती हसली. मीपण हसले. माझा विनोद मला फार आवडायचा.

पंचमीला ती माहेरी गेली. नागपंचमीला आमच्या भागातल्या लेकी माहेरी जातात, हातभर मेंदी लावतात, झाडाला बांधलेल्या दोरावर झोके घेतात. चौथ्या दिवशी परत आली ती हिमायतनगरहून नांदेड आणि नांदेडहून लातूर असा एसटीचा प्रवास करून. सतरा पायऱ्या चढायला तिला तीन मुक्काम लागले. नववी पायरी, तेरावी, आणि मग आमचा उंबरा. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. पंचमीला कुठली जांभळं?

मुलगा घाबरला. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी घेतलेलं ते बोटाला चिमटा लावायचं यंत्र आमच्या ड्रॉवरमध्ये होतंच, जुन्या चाव्या आणि राख्यांच्या दोऱ्यांमध्ये. त्यानं ते तिच्या बोटाला लावलं. शहाऐंशी. दुसऱ्या बोटाला लावलं. पंचाऐंशी.

"आई, हे कमी आहे."

मी पुढं झाले. तिचा हात हातात घेतला. मेंदी काय रंगली होती! बोटांची टोकं नखांपर्यंत काळीभोर. आणि माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. म्हणलं, "अरे बाबा, ह्या यंत्रातून लाल उजेड बोटातून आरपार जातो. मेंदीनं तो अडतो. लाव माझ्या बोटाला." लावलं. सत्त्याण्णव. "बघ! माझ्या बोटाला मेंदी आहे का? नाही. झालं सिद्ध."

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि स्वतःच्या घरात प्रयोग करायची वेळ आली तेव्हा मी मेंदी तर बदललीच, बाईच बदलून टाकली. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असा प्रयोग लिहून आणला असता तर वही तोंडावर फेकली असती. मुलगा मात्र हुशार मुलगा, म्हणजे आईचं ऐकणारा. "मेंदी उतरल्यावर परत बघू," म्हणाला.  सुनेनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि आत जाऊन पडली.

मेंदी पंधरा दिवसांत उतरली. यंत्र मी परत काढलं नाही. विसरले, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर एकदा ड्रॉवर उघडला होता, बघितलं होतं, आणि बंद केला होता. पुढं महालक्ष्म्या होत्या. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे दोन उभ्या बायांना साड्या नेसवायच्या, सोळा भाज्या, पुरण, आंबील, दीडशे पानं. असल्या कामात घरातली सून आजारी निघायला सवड कुणाला आहे?

मुखवट्यांची पेटी गच्चीवरच्या माळ्यावर होती. ती आणायला सून गच्चीचा जिना चढली. पेटी घेऊन उतरताना सातव्या पायरीवर बसली. मी खालून ओरडले, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, बसले." आणि बसल्या जागी आडवी झाली. पेटी गडगडत खाली आली. मी आधी पेटीकडं धावले, मग तिच्याकडं. हेपण लिहून ठेवते.

लातूरच्या दवाखान्यात सिस्टरनं तिच्या बोटाला चिमटा लावला. ब्याऐंशी. तिच्या नखांवर पंचमीची मेंदी अजून केशरी चंद्रकोरीएवढी उरली होती. आणि विश्वास ठेवा, मी तोंड उघडलं. "सिस्टर, ती मेंदी..."

सिस्टरनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरीकडं बघितलं होतं. चिमटा काढला, पांघरूण बाजूला केलं, आणि सुनेच्या पायाच्या अंगठ्याला लावला. ब्याऐंशी.

"पायाला लावली होती का मेंदी?"

"नाही," सून म्हणाली. "ह्या वर्षी हातालाच लावली. पायाला लावायला वाकलं की दम लागून राहिला होता."

पायाला लावायला वाकलं की दम लागत होता. अंगठा पंचमीपासून तिथंच होता, उघडा, स्वच्छ, कुणीतरी चिमटा लावावा म्हणून वाट बघत.

डॉक्टर तरुण होते, खरे तरुण, माझ्यासारखे नाही. त्यांनी छातीवर जेल लावून हृदयाची सोनोग्राफी केली. म्हणाले, फुप्फुसातलं ब्लडप्रेशर फार वाढलंय, हृदयाची उजवी बाजू ताणली गेलीय. मी म्हणाले, "बीपी तर आत्ताच घेतलं की ओ सिस्टरनं. एकशे दहा-सत्तर. माझ्यापेक्षा चांगलं."

"आजी, ते दंडातलं. फुप्फुसाचं वेगळं असतं. ते पट्ट्यानं मोजता येत नाही."

तीस वर्षं निळ्या खडूनं काढलेली नळी, आणि तिच्यात स्वतःचं एक वेगळं बीपी असतं हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. सुनेचं हृदय बिचारं आत न जाणारं रक्त ढकलत बसलं होतं, आणि बाहेर आम्ही तिला पुरण वाटायला लावत होतो. उपचार केला नाही तर हृदय थकून जाईल, असं डॉक्टर म्हणाले. 'थकून' म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मुलानं विचारलं नाही. मी विचारलं नाही. सून एकटीच म्हणाली, "किती दिवस लागतात थकायला?" डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

फुप्फुसाच्या नळ्या सैल करायची एक गोळी आहे, ती चालू केली. दिवसातून तीन वेळा. चिठ्ठी घेऊन मी स्वतः मेडिकलवर गेले, कारण प्रायश्चित्त घ्यायची मला घाई झाली होती. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, मला वाचलं, परत चिठ्ठी वाचली.

"आज्जी, पेशंट कोण हाय?"

"सून."

"सून?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "अन् दिवसातून तीनदा?"

"हाव. का, ताकदीची आहे का? मग मलाबी एक पाकीट देऊन टाका, कंबर लई दुखते."

दुकानात आणखी दोन माणसं होती. त्यातला एक खोकत बाहेर गेला. दुकानदारानं गोळ्या कागदात अशा गुंडाळल्या की जणू मी त्या चोरल्या होत्या. घरी येऊन मी हे सांगितलं तर मुलगा कानापर्यंत लाल, आणि सून, जिला चार शब्द सलग बोलवत नव्हते, ती उशीत तोंड घालून हसत सुटली. ती गोळी जगभर कुठल्या दुसऱ्या कामासाठी गाजली आहे हे मला शेवटी तिनंच सांगितलं, अडखळत, दर शब्दाला थांबत. त्यानंतर वर्षभर मी त्या मेडिकलच्या समोरच्या फुटपाथनं गेले.

पण हसून दोन दिवस झाले नाहीत तोच ती बिघडली. आडवं होता येईना. उशा रचून बसायची. खोकल्याबरोबर गुलाबी फेस. परत दवाखाना. फोटोत फुप्फुसं पांढरी दिसली, पाण्यानं भरलेली.

तरुण डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे तो इथून. त्यांनी लपवलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी दिलेल्या गोळीनं हे झालंय. गोळी बंद. आणि ह्या गोळीनं ज्यांचं बिघडतं, त्यांचा आजार वेगळा असण्याची शक्यता असते. फार कमी लोकांना होतो. मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही हैदराबादला जा."

"पण नळ्या सैल झाल्यावर पाणी कसं भरलं?" मुलानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बाथरूमची मोरी तुंबली असली आणि नळ मोठा सोडला तर काय होतं? रक्त आत येणाऱ्या नळ्या एकीकडं, बाहेर जाणाऱ्या दुसरीकडं. बहुतेकांच्या येणाऱ्या नळ्या आवळलेल्या असतात, त्यांना ही गोळी चालते. ह्यांच्या बहुतेक बाहेर जाणाऱ्या बारीक शिराच बुजत चालल्यात. पुढं वाट नाही म्हणून मागं दाब वाढतो. मी नळ सोडला, मोरी बंदच होती."

फुप्फुसातून बाहेर जाणारी शिरा. शुद्ध रक्त नेणारी शिरा. अपवाद. एका मार्काला येणारा. मी त्या खुर्चीवर बसून मनात त्या पोरीला हाक मारली. उभी राहा गं, तुझा प्रश्न बरोबर होता.

आणि गंमत बघा, आम्ही लातूरचे. इथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, माणसं रांगा लावून घागरी भरतात. आमच्या घरातल्या माणसाला पाणी जास्त झालं, हे गल्लीत कुणाला पटेना.

हैदराबादला मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस तपासण्या झाल्या. मांडीतून नळी घालून हृदयातला दाब मोजला. यंत्रात फुंकायला लावलं. छातीचा स्कॅन काढला, त्यात धुकं पडल्यासारखे ठिपके आणि बारीक रेघा. तिथले मोठे डॉक्टर तेलुगू, पण आमच्याशी हिंदीतून बोलायचे, आपल्या नांदेडकडची माणसं बोलतात तसल्याच हिंदीतून. लातूरच्या डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता, म्हणाले. तुकडा काढून बघायचा तर ह्या अवस्थेत जिवाला धोका, म्हणून तो काढला नाही.

मग त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. घराण्याचा वंश. सून मला "आत्या" म्हणाली ते त्यांनी ऐकलं आणि पेन थांबलं.

"अम्मा, ये आपके सगे भाई की बेटी है क्या?"

"नही जी. हमारे में सास को ऐसाच बोलते."

"हमारे में भी," ते म्हणाले. "क्योंकि हमारे में सगी बुआच सास बनती."

खरंच होतं ते. आमच्याकडंही मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आम्ही जेवणाच्या पंगतीत बोलायचो. आणि सुनेचे आईवडील तसेच, आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी. डॉक्टरांच्या कागदावर दोन रेघा वरून निघाल्या आणि खाली येऊन परत एकमेकींना मिळाल्या, रांगोळीतल्या गाठीसारख्या. आईकडून एक बिघडलेली प्रत आणि वडिलांकडून एक, अशा दोन एकत्र आल्या तर हा आजार होऊ शकतो, म्हणाले. रक्त तपासलं, आणि तसंच निघालं. तिच्या भावाचंही तपासलं, तो सुटला.

"और बच्ची?" सुनेनं विचारलं. इतके दिवस स्वतःच्या आजाराबद्दल बोलताना तिचा आवाज हलला नव्हता, तो आत्ता हलला.

डॉक्टरांनी माझ्या मुलाकडं पेन रोखलं. "तुम दोनो रिश्ते में?" नाही, म्हणल्यावर ते हसले. बाप बाहेरच्या रक्ताचा, नातीला आईकडची एकच प्रत, तिला काळजी नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण लग्न मी ठरवलं होतं. मी मान ताठ केली. आता इथं खरं सांगायला हरकत नाही. मला माझ्या भावाचीच मुलगी सून म्हणून हवी होती. दोन वर्षं भावाच्या मागं लागले होते. त्या पोरीनंच तोंडावर सांगितलं, "आत्या, तुमच्या घरात मी सासू म्हणून येते, सून म्हणून नाही." माझ्या हातून झालेलं एकमेव शहाणपण असं मला नकारात मिळालं.

उपाय एकच होता. दोन्ही फुप्फुसं बदलायची. यादीत नाव घालायचं, दवाखान्यापासून दोन तासांच्या आत राहायचं आणि फोनची वाट बघायची. आम्ही हैदराबादला दोन खोल्या घेतल्या. मुलगा नातीला सांभाळून लातुरात नोकरी करायचा, शनिवारी यायचा. सून आणि मी, आणि हवेतून प्राणवायू काढणारं एक यंत्र. ते दिवसभर घुरघुरायचं, त्याची नळी तिच्या नाकात. पहिल्या दिवशी ते चालू झालं तेव्हा सून माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, बसवली बघा मोटर."

ते माझंच वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

यादीत नाव घालण्याआधी चालायची परीक्षा असते. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं, किती अंतर जातं ते मोजतात. मला कुणीतरी सांगितलं की जो जास्त आजारी, त्याचा नंबर आधी. आयुष्यभर मी कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले. आणि त्या व्हरांड्यात मी सुनेच्या कानाशी जाऊन म्हणाले, "हळू चाल. अजून हळू. नंबर वर जाईल."

ती थांबली, कठड्याला धरलं, आणि म्हणाली, "आत्या, मी हळूच चालून राहिले. ह्याच्याहून हळू म्हणजे उभं राहणं."

सात महिने आम्ही तिथं काढले. सकाळी मी भाजी आणायला जायचे आणि तेलुगूत भांडायला शिकले. नातेवाइकांना ताकीद होती, फोन करायचा नाही. घंटी वाजली की मी आधी चपला घालायचे. एकदा बोलावणं आलं, गेलो, तिला कपडे बदलायला लावले, आणि चार तासांनी सांगितलं की ती फुप्फुसं चांगली नाहीत, परत जा. रिक्षात बसलो. सून म्हणाली, "बरं झालं. रस्ता तरी पाठ झाला." वजन घटत होतं तिचं. मी तिला दर दोन तासांनी काहीतरी खायला लावायचे आणि ती दर दोन तासांनी मला शिव्या घालायची, माहेरच्या अस्सल. सासू-सून म्हणून आमचं सगळ्यात चांगलं चाललं ते त्या सात महिन्यांत.

दुसरा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि तव्यावर भाकरी होती. भाकरी तशीच टाकून निघालो. पुढं घरमालकिणीनं ती कोळसा झालेली भाकरी मला आणून दाखवली, मी गॅस चालूच ठेवून गेले होते. म्हणजे मूर्खपणाची सवय काही सुटली नव्हती.

ऑपरेशनबद्दल मी काही लिहिणार नाही. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर होते, आणि खुर्चीबद्दल किती लिहायचं? एवढंच मनात होतं की आम्हाला फोन आला त्याच सकाळी कुठल्यातरी घरात कुणीतरी आपल्या माणसाची फुप्फुसं द्यायच्या कागदावर सही केली असेल. ते घर कुठलं, आम्हाला सांगत नाहीत. महालक्ष्म्यांना मी आता एक पान जास्तीचं वाढते. कुणासाठी ते विचारलं की सांगते, पाहुणे आहेत.

ह्याला तीन वर्षं झाली. सून लातुरात आहे. तोंडाला मास्क, मूठभर गोळ्या, तीन महिन्यांनी हैदराबादची फेरी, आणि नऊ वाजता बोटाला चिमटा. सगळं सरळ झालंय असं नाही. मधे एकदा ताप आला तर सगळं घर हबकलं होतं. पण चावी खाली टाका म्हणून हाक येते आणि चावी पडायच्या आत ती तेराव्या पायरीवर असते. सतराव्या म्हणाले असते, पण ह्या लेखात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

घरात मेंदी आणायची नाही, असा फतवा मीच काढला होता. ह्या पंचमीला नातीनं तो मोडला. अकरा वर्षांची झाली, मेंदीचे कोन घेऊन आली. चिमट्यासाठी सुनेनं बोटं मोकळी ठेवायची असतात, म्हणून तिनं माझे हात पकडले. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातावर मोर! मी नको नको म्हणत दोन्ही हात पुढं केले. नक्षी काढून नात खाली खेळायला गेली. मी हात पसरून खुर्चीत बसले, सून शेजारी मशीनवर बसून कुणाचातरी ब्लाउज शिवत होती. मोटर काढून टाकलीय तिनं. पायानं मारते.

चार वर्षं जे गिळलं होतं ते असं हात बांधलेले असताना बाहेर आलं. म्हणलं, "त्या पंचमीला मी मेंदीचं नाव सांगितलं नसतं तर महिनाभर आधी कळलं असतं गं. मेंदी उतरल्यावर मी ड्रॉवर उघडला होता. यंत्र बघितलं अन् परत लावून टाकला. विसरले नव्हते मी."

पायटा थांबला. ती उठली, पदरानं माझं नाक पुसलं, कारण माझे हात कामाचे नव्हते, आणि म्हणाली:

"आत्या, तुम्ही मेंदी म्हणल्या तवा मला किती बरं वाटलं होतं, तुमाला ठाऊक हाय का? माहेरी झोक्यापाशी जाऊस्तोर मी चारदा बसले होते. मोजलं होतं मी. मला माहीत होतं, आत्या, मेंदी नव्हती ते. पण मलाबी मेंदीच पाहिजे होती. आता गप बसा, अन् हात हलवू नका, पोरीनं तासभर बसून काढलाय मोर, फिसकटंल."